मंदीत कात्री कुठे लावायची?

6 मार्च 2020 रोजी महाराष्ट्राचा अर्थसंकल्प विधिमंडळात मांडला गेला आणि तीनच दिवसांनी पुण्यात करोनाचे राज्यातले पहिले रुग्ण सापडले. महिना संपायच्या आत सगळं ठप्प झालं. दुकानं बंद, म्हणून जीएसटी बंद. गाड्या उभ्या, म्हणून पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट आटला. घरांची खरेदी-विक्री थांबली, म्हणून मुद्रांक शुल्क थांबलं. अर्थसंकल्पात धरलेली जमा प्रत्यक्षात येणार नाही, हे एप्रिलमध्येच स्पष्ट झालं. 4 मे रोजी वित्त विभागाचा शासन निर्णय निघाला. विकासकामांच्या तरतुदीपैकी वर्षभरात फक्त 33 टक्के निधी मिळेल, म्हणजे 67 टक्के कपात. नवीन बांधकाम काढायचं नाही, नवीन योजना सुचवायची नाही, फर्निचर, झेरॉक्स मशीन, संगणक घ्यायचे नाहीत, कार्यशाळा-सेमिनार भरवायचे नाहीत, नोकरभरती करायची नाही. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन अशा मोजक्या खात्यांना प्राधान्य.

बातमी वाचून बहुतेकांनी मान डोलावली. घरातली मिळकत घटली की आपणही हेच करतो. सणाचे कपडे पुढे ढकलतो, नवा फ्रिज पुढच्या वर्षी बघू म्हणतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण तर आपल्याला लहानपणापासूनची. पण सरकारच्या बाबतीत एक अडचण आहे. सरकारने पाय आखडले की अंथरूणही आखूड होतं. मंदीतल्या सरकारी काटकसरीचा गेल्या शंभर वर्षांतला सगळा वाद या एका अडचणीभोवती फिरतो, आणि तो वाद सामान्य माणसाने समजून घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं. कारण कात्री कुठे लागते यावर कुणाची चूल पेटते आणि कुणाची विझते हे ठरतं.

एक साधं काम डोळ्यांसमोर आणा. गावाच्या रस्त्यावर ओढा आडवा येतो, तिथे मोरी बांधायची आहे. समजा, अंदाजपत्रक 12 लाखांचं. काम मिळालंय सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केलेल्या तालुक्यातल्या एका तरुणाला. तो जेसीबी लावतो, त्याचं डिझेल गावाजवळच्या पंपावर भरतो. खडी क्रशरवरून येते, मुरूम शेजारच्या टेकाडावरून, सिमेंट-लोखंड बाजारपेठेतल्या दुकानातून, ह्यूम पाइप जिल्ह्याच्या ठिकाणाहून. सेंट्रिंगवाले चौघे, बिगारी दहा-बारा, एक मुकादम. संध्याकाळी मजुरी हातात पडली की ती त्याच रात्री वाण्याकडे जाते. वाणी त्यातून आडत्याचं देणं देतो, आडत्या टेम्पोवाल्याचं. पंपवाल्याने पोराच्या कॉलेजची फी भरलेली असते, सिमेंटवाल्याने दुकानातल्या माणसाचा पगार दिलेला असतो. बारा लाख एकदाच खर्च झाले, पण बाजारात ते पुन्हा पुन्हा मोजले गेले. आणि प्रत्येक हातबदलीत थोडाथोडा जीएसटी, थोडाथोडा व्हॅट सरकारच्या तिजोरीत परत आला.

आता तेच काम थांबवा. तिजोरीत 12 लाख वाचले असं दिसतं. प्रत्यक्षात वाचलेले पैसे त्याहून कमी असतात, कारण परत येणारा कर येत नाही. आणि बाजाराचं नुकसान 12 लाखांपेक्षा जास्त असतं, कारण ती सगळी साखळी तुटते. घरात मी कपडे घेतले नाहीत तर कापडवाल्याचं नुकसान होतं, पण त्यामुळे माझा पगार कमी होत नाही. सरकारचं तसं नाही. ज्याच्याकडून सरकार माल आणि श्रम घेतं, त्याच्याकडूनच ते कर घेतं. एकाचा खर्च हीच दुसऱ्याची मिळकत, ही गोष्ट एरवीही खरी असते. चांगल्या दिवसांत सरकारने हात आखडला तर ती जागा खासगी माणूस भरून काढतो. मंदीत तोही घाबरून बसलेला असतो, म्हणून जागा रिकामीच राहते.

म्हणून मंदीतल्या कपातीकडे बघताना मी एकच कसोटी लावतो. हा रुपया काढून घेतला नसता, तर तो कुठे गेला असता? बाजारात फिरला असता की खात्यात पडून राहिला असता? फिरणाऱ्या रुपयाला कात्री लावली तर मंदी वाढते. पडून राहणारा रुपया काढला तर तिला फारसा फरक पडत नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, याची मोजमापं झालेली आहेत. दिल्लीच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक फायनान्स अँड पॉलिसी’ या संस्थेतल्या सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांनी 2013 मध्ये भारतासाठी हा हिशेब मांडला. सरकारने भांडवली कामांवर, म्हणजे रस्ते, धरणं, इमारती यांवर एक रुपया खर्च केला तर उत्पन्नात सुमारे 2 रुपये 45 पैशांची भर पडते, असं त्यांना आढळलं. इतर महसुली खर्चाच्या आणि थेट वाटपाच्या एका रुपयामागे हीच भर साधारण एका रुपयाच्या आत राहते. दुसरा आकडा रिझर्व्ह बँकेचा आहे. 2020 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे 24 टक्क्यांनी घसरलं. त्याच तिमाहीत कुटुंबांची आर्थिक बचत मात्र जीडीपीच्या 21 टक्क्यांवर गेली, असा बँकेचा अंदाज होता. ज्यांचा पगार चालू होता त्यांना खर्चायला वाव नव्हता, म्हणून पैसा खात्यात साठला. ज्यांची मजुरी गेली, त्यांच्याकडे साठवायला काही नव्हतंच. एकाच वर्षात, एकाच राज्यात, एकाच गल्लीत पैसा एका घरात थांबला होता आणि शेजारच्या घरात संपला होता.

मग कात्री नेहमी मोरीवरच का चालते? त्याचं उत्तर सरकारच्या हिशेबवहीत आहे. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज या तीन गोष्टी द्याव्याच लागतात. महाराष्ट्रासारख्या राज्यात महसुली जमेतला निम्म्याहून अधिक पैसा त्यांतच जातो. अनुदानाला हात लावला तर लाभार्थी रस्त्यावर येतात, भत्त्याला हात लावला तर संघटना निवेदन घेऊन दारात उभ्या राहतात. न बांधलेली मोरी मोर्चा काढत नाही. जी भरती झालीच नाही तिचा उमेदवार कोण, हे त्यालाही ठाऊक नसतं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्या पोराचं वयोमर्यादेतलं एक वर्ष गेलं, तर त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. थांबवायला सर्वांत सोपा तो भांडवली खर्च, आणि थांबवल्यावर सर्वांत जास्त मार देणाराही तोच. जगभरची सरकारं या सापळ्यात पुन्हा पुन्हा सापडलेली आहेत.

त्यातलं सर्वांत अभ्यासण्यासारखं उदाहरण ब्रिटनचं. 2008 च्या जागतिक आर्थिक संकटानंतर ब्रिटनची वित्तीय तूट जीडीपीच्या सुमारे 10 टक्क्यांवर गेली होती. 2010 च्या फेब्रुवारीत निवडणुकीच्या तोंडावर 20 अर्थतज्ज्ञांनी ‘संडे टाइम्स’ला पत्र लिहून तूट लवकर कमी करा असं सांगितलं. चार-पाच दिवसांत साठाहून अधिक अर्थतज्ज्ञांनी ‘फायनान्शिअल टाइम्स’मध्ये त्यांना उत्तर दिलं की इतक्यात हात आखडलात तर सावरू लागलेली अर्थव्यवस्था पुन्हा आडवी होईल. मला या पत्रव्यवहाराचं मोल वाटतं. एवढ्या मोठ्या निर्णयाचे दोन्ही पक्ष लोकांसमोर, निवडणुकीआधी, सही करून मांडले गेले. आपल्याकडे कपातीचा शासन निर्णय निघतो तेव्हा चर्चा होते ती कुणाची फाइल अडकली यावर.

मे महिन्यात कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांचं संयुक्त सरकार आलं. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी 22 जूनला तातडीचा अर्थसंकल्प मांडला आणि 20 ऑक्टोबरला चार वर्षांच्या खर्चाचा आराखडा. 2014-15 पर्यंत वर्षाला 81 अब्ज पौंडांची कपात, खात्यांना सरासरी 19 टक्के कात्री. आरोग्यसेवा, शाळांचा चालू खर्च आणि परदेशी मदत यांना हात लावायचा नाही. सरकारी क्षेत्रातल्या चार लाख 90 हजार नोकऱ्या कमी होतील असा अंदाज सरकारच्याच संस्थेने दिला होता. 4 जानेवारी 2011 पासून व्हॅट साडेसतरा टक्क्यांवरून 20 टक्के झाला.

ऑस्बर्न यांच्या बाजूला त्या वेळी वजनदार अभ्यास होते. हार्वर्डचे अल्बेर्तो अलेसिना सांगत होते की तूट कमी करायचीच असेल तर कर वाढवण्यापेक्षा खर्च कमी करणं बरं, आणि काही वेळा तर खर्चकपातीने लोकांचा विश्वास वाढून अर्थव्यवस्था उलट फुलते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा 2010 चा निबंध म्हणत होता की कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांपलीकडे गेलं की सरासरी वाढ शून्याच्याही खाली, उणे 0.1 टक्क्यावर येते. 90 चा हा आकडा जगभरच्या अर्थमंत्र्यांच्या तोंडी बसला. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने तो हिशेब पुन्हा करून पाहिला. एक्सेलच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटलेल्या होत्या, शिवाय काही वर्षांची आकडेवारी वगळलेली होती आणि सरासरी काढण्याची पद्धतही शंकास्पद होती. त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी दुरुस्त करून काढलेली सरासरी 2.2 टक्के निघाली. जास्त कर्ज असलेल्या देशांची वाढ काहीशी मंद असते, एवढं मूळ लेखकांचं म्हणणं त्यानंतरही उरलं. पण 90 टक्क्यांवरचा तो कडा काही उरला नाही. आणि तोवर तीन वर्षांच्या कपाती होऊन गेल्या होत्या.

त्याआधीच, ऑक्टोबर 2012 मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही एक कबुली दिली होती. मुख्य अर्थतज्ज्ञ ओलिव्हिए ब्लांशार आणि डॅनियल ली यांनी दाखवून दिलं की अंदाज बांधताना एका रुपयाच्या कपातीने साधारण 50 पैशांचं नुकसान होईल असं धरलं जात होतं. प्रत्यक्षात ते 90 पैशांपासून 1 रुपया 70 पैशांपर्यंत होत होतं. ज्या संस्थेने देशोदेशी कपातीच्या अटी घातल्या, तिच्याच मुख्य अर्थतज्ज्ञाने हे छापून सांगणं लहान गोष्ट नाही.

पण ब्रिटनच्या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग या अभ्यासांच्या बाहेरचा आहे. 5 जुलै 2010 रोजी शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी शाळांच्या इमारती नव्याने बांधण्याचा कार्यक्रम थांबवला आणि सातशेहून अधिक शाळांची कामं रद्द झाली. सार्वजनिक गुंतवणूक कमी करण्याचा बेत आधीच्या लेबर सरकारनेच कागदावर आणला होता, नव्या सरकारने तो अमलात आणला. म्हणजे दोन्ही पक्षांना कापायला सोपी गोष्ट तीच सापडली. 2013 च्या जानेवारीत उपपंतप्रधान निक क्लेग यांनी मान्य केलं की भांडवली खर्च इतका कापणं ही चूक होती. पुढच्याच महिन्यात, ज्या ‘ट्रिपल ए’ पतमानांकनासाठी ही सगळी धडपड चालली होती, ते ‘मूडीज’ने खाली आणलं. शाळांच्या इमारतींच्या डागडुजीला त्यानंतरही हवा तेवढा पैसा मिळाला नाही. 31 ऑगस्ट 2023 रोजी, सुट्टी संपून शाळा उघडायच्या तोंडावर, इंग्लंडमधल्या शंभराहून अधिक शाळांना कळवण्यात आलं की तुमच्या इमारतीतलं जुनं हलकं काँक्रीट कधीही कोसळू शकतं, ते भाग ताबडतोब बंद करा. मुलं तंबूंत आणि तात्पुरत्या खोल्यांत बसली. पुढे ढकललेली दुरुस्ती हिशेबात बचत म्हणून दिसते. प्रत्यक्षात ते कर्जच असतं, फक्त त्याचं व्याज छताच्या भेगांतून मोजावं लागतं.

इथे कुणी म्हणेल, मग कपात करूच नये का? काढावं कर्ज आणि करावा खर्च. ब्रिटनला ते शक्य होतं. त्याचं स्वतःचं चलन आहे, त्याचे रोखे लोक घेत होते. ग्रीसला शक्य नव्हतं. चलन युरोचं, छापायचा अधिकार नाही, आणि 2010 मध्ये बाजाराने परवडेल अशा व्याजाने कर्ज देणंच थांबवलं. ग्रीसने पेन्शन कापली, पगार कापले, दवाखान्यांचा खर्च कापला. अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशाने आक्रसली, 2013 मध्ये बेकारी 27 टक्क्यांवर गेली. कर्जाचं प्रमाण 2009 मध्ये जीडीपीच्या सुमारे 127 टक्के होतं. 2012 मध्ये खासगी धनकोंनी मोठी सूट देऊनही ते 2014 पर्यंत 180 टक्क्यांच्या आसपास पोहोचलं. कर्ज भागिले उत्पन्न असं हे गणित असतं. खालचा आकडा वरच्यापेक्षा वेगाने घटला तर उत्तर वाढतं.

आपली राज्य सरकारं या बाबतीत ब्रिटनपेक्षा ग्रीसच्या जवळची आहेत, आणि 4 मे 2020 च्या निर्णयाकडे बघताना हे विसरून चालणार नाही. राज्याला नोटा छापता येत नाहीत. केंद्राचं कर्ज डोक्यावर असेल तर घटनेच्या कलम 293 प्रमाणे नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते, आणि राज्य उत्पन्नाच्या 3 टक्के ही मर्यादा ठरलेली होती. केंद्राने ती 5 टक्क्यांपर्यंत वाढवली ती 17 मे रोजी, म्हणजे महाराष्ट्राच्या निर्णयानंतर तेरा दिवसांनी, आणि वाढीव दोन टक्क्यांतला बराचसा भाग अटी पुऱ्या करण्यावर अवलंबून ठेवला. 4 मेला मंत्रालयात बसलेल्या माणसापुढे पैसे कुठून येणार याचं उत्तर नव्हतं. काहीतरी कापणं भागच होतं. माझा आक्षेप कपात केली याला नाही. विकासकामांवर एकच मोठी टक्केवारी लावली, याला आहे. सरसकट टक्केवारी न्याय्य दिसते, पण तिच्यात निवड करण्याचं काम टाळलेलं असतं. सेमिनारचा रुपया आणि मोरीचा रुपया एका मापाने कापला जातो, आणि त्या दोन रुपयांचं बाजारातलं आयुष्य अगदी वेगळं असतं.

निवड करता येत नाही असं नाही. त्याच राज्याने त्याच वर्षी ती करून दाखवली होती. 31 मार्च 2020 रोजी मार्चच्या पगाराबाबत जो निर्णय जाहीर झाला तो चढत्या पायरीचा होता. लोकप्रतिनिधींचे 60 टक्के, अ आणि ब वर्गाचे 50 टक्के, क वर्गाचे 25 टक्के थांबवायचे, आणि ड वर्गाला पूर्ण पगार. रक्कम नंतरच्या टप्प्यात द्यायची होती, कायमची कापायची नव्हती. शिपायाचा पगार महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही आणि सचिवाचा पुरून उरतो, हे ओळखून घेतलेला तो निर्णय होता. केंद्राने 23 एप्रिलला महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, त्यातून केंद्राचे 37,530 कोटी रुपये वाचणार होते. कर्मचारी संघटनांनी विरोध केला. कर्मचारी-निवृत्तांच्या घरातली ओढाताण मी जवळून पाहिली आहे, तरीही कसोटी लावली तर हीच कपात सर्वांत कमी घातक होती असं मी म्हणेन. पगार चालू असलेल्या माणसाची वाढ थांबली होती, त्याची चूल थांबली नव्हती. मात्र खालच्या श्रेणींना आणि तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्यांना त्यातून वगळायला हवं होतं.

केंद्राने खासदारांचं वेतन 30 टक्क्यांनी वर्षभर कमी केलं, ते योग्यच झालं. त्याबरोबर खासदार स्थानिक विकास निधी दोन वर्षांसाठी थांबवायचा आणि 7,900 कोटी रुपये केंद्राच्या तिजोरीत वळवायचे असं ठरवलं, ते मला पटत नाही. आरोग्यासाठी पैसा हवा होता हे खरं. पण त्या निधीतून होतात ते सभामंडप, पाणंद रस्ते, शाळेच्या खोल्या, म्हणजे आपली ती मोरीच.

उलट दिशेचं एक उदाहरण खर्चाचं नाही, कराचं आहे. राज्याने 1 सप्टेंबर 2020 पासून चार महिने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलं. एकट्या मुंबईत डिसेंबरमध्ये 19 हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. खात्यात थांबलेला पैसा बाहेर आला. फायदा घर घेऊ शकणाऱ्यांचाच झाला, हे मान्य. तरी पैसा हलला.

तुटीचा भार चुकीच्या माणसावर टाकला की काय होतं, याचा एक जुना दाखला आपल्याच देशातला आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत ब्रिटनमध्ये सर एरिक गेडिस यांच्या समितीने खर्चकपात सुचवली. त्याच धर्तीवर 1922 मध्ये हिंदुस्थान सरकारने लॉर्ड इंचकेप यांची समिती नेमली. तिने सुमारे 19 कोटी रुपयांची कपात सुचवली, त्यात लष्करी खर्चाचा वाटा मोठा होता. तरीही 1923 चा अर्थसंकल्प जुळेना, तेव्हा सरकारने मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. कायदेमंडळाचा विरोध व्हाइसरॉयनी आपल्या खास अधिकाराने बाजूला सारला. ज्याच्या घरी भाकरीबरोबर मिठाशिवाय काही नसे, त्याच्याकडून तूट भरून घेतली गेली. पुढच्या वर्षी तो कर पुन्हा खाली आणावा लागला.

आणि याच्या अगदी उलट दाखला आहे महाराष्ट्राचा. बहात्तरचा दुष्काळ. 1970 पासून पाऊस दगा देत होता, 1972 मध्ये तर खरीप पार गेला. सरकारचा शेतसारा बुडाला, बाजार ओस पडला. घरगुती न्यायाने पाहिलं तर हात आखडायची ती वेळ. वसंतराव नाईक यांच्या सरकारने उलट केलं. राज्यभर कामं काढली, आणि मे 1973 मध्ये त्यांवर जवळपास 50 लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी.

माझी आजी त्या पन्नास लाखांतली एक. डोळ्यांत कपची उडू नये म्हणून पदर कपाळावरून खाली ओढून ती खडी फोडायची, बोटांना चिंध्या गुंडाळून. मुकादम हजेरी घ्यायचा, ढीग मोजून दाम मिळायचे. सुकडी मिळायची, ती अर्धी खाऊन अर्धी पोरांसाठी पदरात बांधायची. रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरीला ती म्हातारपणीही नावं ठेवायची. पण पैशांबद्दल एक गोष्ट ती हमखास सांगायची. हप्ता मिळाला की तो आठवडी बाजाराच्या दिवशी संपायचा: वाण्याची उधारी, मीठ-मिरची, रॉकेल. त्या वाण्याचं दुकान दुष्काळात बंद पडलं नाही, आणि दुकान चालू होतं म्हणून उधारी मिळत राहिली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यालाच गुणक म्हणतात.

या कामांमागे एक विचार होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. दुष्काळात तो राज्यभर पोहोचला, 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. 2005 मध्ये देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तो याच वाटेवरून. 2020-21 मध्ये गावी परतलेल्या मजुरांना त्याच योजनेने हात दिला. अर्थसंकल्पात तिला 61,500 कोटी होते, त्यात 40 हजार कोटींची भर घालावी लागली. साडेसात कोटी कुटुंबांनी मिळून सुमारे 389 कोटी मनुष्यदिवस काम केलं. मंदीच्या वर्षात ही एक तरतूद कापली न जाता वाढली, आणि ते त्या वर्षातल्या चांगल्या निर्णयांपैकी एक होतं.

पण रोजगार हमीची गोष्ट सांगताना तिचा अर्धा भाग बहुतेकदा सुटतो. पैसे आले कुठून? केवळ कर्जातून नाही. 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातला पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून तो घ्यायचा, आणि त्याच्या जमेइतकीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची, असा तो बेत होता. ज्याची मिळकत दुष्काळातही चालू आहे त्याच्याकडून घ्या, आणि ज्याची थांबली आहे त्याला काम द्या. मंदीत पैसा कुठून काढावा आणि कुठे घालावा, हे महाराष्ट्राने इतक्या स्पष्टपणे ठरवलं होतं.

तो कर आजही आहे. तुमच्या पगारपत्रकावर ‘पी.टी.’ किंवा ‘व्य. कर’ असं लिहिलेला एक रकाना असेल, तो पाहा. दरमहा 200 रुपये, आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाचे 2,500. महिना 12 हजार मिळवणाऱ्या पुरुष सुरक्षारक्षकाच्या पगारातून जेवढे कापले जातात, तेवढेच महिना 12 लाख घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून कापले जातात. राज्याला यापेक्षा जास्त घेता येत नाही, कारण वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घटनेतच घातलेली आहे. 1988 मध्ये 60 व्या घटनादुरुस्तीने ती ठरली. तेव्हापासून ती बदललेली नाही.